कोण काय वाचतं

टॅमरॅक बे,
९ सप्टेंबर २०१३

कायसा बाळ,

लोकरीचे मोजे मिळाले. पाकीट फोडल्या फोडल्या पायात चढवले ते अजून उतरवलेले नाहीत. तुझ्या हाताला गुण आहे गं, माझ्या भावावर नाही गेलीस हे नशीब. मनापासून आभार.

आता माझं रडगाणं ऐक. आमच्या ग्रंथालयाच्या मंडळाला नवी हुक्की आली आहे. परवाच्या बैठकीत अध्यक्षीणबाई हिल्डर ऑस्ट्रम यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाचून दाखवलं की जो कोणी ग्रंथालयाची संगणकव्यवस्था सांभाळतो, त्याच्याकडे येत्या तीस जूनपर्यंत राज्याचं प्रमाणपत्र असलं पाहिजे. नसेल तर ते काम चार तासांवरच्या एका कंपनीकडे जाणार आणि कंपनी तिथे बसूनच आमचं सगळं चालवणार. 'जो कोणी' म्हणे! आख्ख्या इमारतीत 'जो कोणी' एकच आहे आणि ती समोर बसून कॉफी पीत होती. सरळ 'लेम्पी' म्हणायला काय जीभ झडणार होती?

बावीस वर्षं झाली, कायसा. पहिला संगणक खोक्यातून मी काढला. तू दहा वर्षांची होतीस, त्या रिकाम्या खोक्यात दोन दिवस बसून होतीस. बारा हजार पुस्तकांना बारकोड मी चिकटवले. वाचकांचे सात संगणक माझ्यावर, कॅटलॉग माझ्यावर आणि तो प्रिंटर, जो माझ्याशिवाय कुणाच्या बापाचं ऐकत नाही, तोही माझ्यावर.

आणि माझी वाचनवही? ती तर माझ्याच डोक्यातून निघालेली. तुला आठवत असेल, आपली म्हातारी मंडळी पुस्तक वाचून झालं की ठरलेल्या पानावर खूण करून ठेवायची. आयनो पेल्कोनेन एकोणिसाव्या पानावर मासा काढायचा, सिग्ने कोस्की शेवटच्या पानावर फुली मारायची. तीच कादंबरी चुकून पुन्हा घरी न्यायला नको म्हणून. निम्म्या पुस्तकांची नुसती पाटी झाली होती. अकरा वर्षांपूर्वी नवी प्रणाली आली तेव्हा तिच्या पोटात मला एक बटण सापडलं. ते चालू केलं की कोणी कधी काय नेलं ते सगळं संगणक लक्षात ठेवतो. बनवणाऱ्यांनी ते बंद ठेवून दिलं होतं. काय म्हणावं असल्या लोकांना! मी चालू केलं, तीच माझी वाचनवही. आता आयनोने पुस्तक काउंटरवर ठेवलं की टिंग वाजतं, पडद्यावर पिवळी ओळ येते आणि मी म्हणते, "आयनो, हा खून तू मागच्या हिवाळ्यातच सोडवलास, दुसरा आण." सिग्नेला वजन कमी करायची सगळी पुस्तकं वाचून झाली आहेत हे तिला मीच सांगते, वजन आहे तिथेच आहे हे मात्र सांगत नाही. गाव खूश आहे. प्रमाणपत्रवाल्या कुणाला सुचलं असतं हे?

तू तिकडे विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेच काम करतेस आणि तुझ्याकडे तो कागदही आहे. तर मंडळाला एक खणखणीत पत्र लिही की लेम्पी हार्यूला कागदाची गरज नाही. तुझं ऐकतील. हे काम गेलं तर मी काय घरात बसून बर्फ मोजू? माझा आर्वो वारल्यापासून दिवसातून चार माणसं माझ्याशी बोलतात ती त्या काउंटरपाशीच, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझी
लेम्पी आत्या

*

ग्रँड रॅपिड्स,
२१ सप्टेंबर २०१३

आत्या,

मोजे एकदा तरी काढ आणि धू. दुसरी जोडी विणायला घेतली आहे, त्यामुळे बहाणा चालणार नाही.

मंडळाला मी पत्र लिहिणार नाही. आता तू पत्र टेबलावर आपटलंस हे मला इथून ऐकू आलं. पण पुढचं वाच.

तुला काम येतं याबद्दल मला काडीची शंका नाही. मला जे येतं त्यातलं निम्मं मी तुझ्या स्टुलाच्या पायाशी बसून शिकले. पण तुला जे येतं ते कुणी तपासलेलं नाही आणि तुला जे येत नाही ते तुला कुणी सांगितलेलं नाही. बावीस वर्षं तू एकटी आहेस तिथे. चुकलीस तर तुला सांगणार कोण? प्रिंटर?

प्रमाणपत्र म्हणजे तुला नापास करायचा कट नाही. सहा छोटे अभ्यासक्रम आहेत, घरच्या संगणकावरून करायचे. शेवटी आपण काय काम केलं, कसं केलं, कुठे चुकलं याची एक फाइल लिहून द्यायची. पाच जणांची समिती ती वाचते आणि ठरवते. फाइलची एक प्रत तुमच्या मंडळाकडेही जाते. फॉर्म मी भरून सोबत पाठवला आहे. खाली फक्त सही कर. खाडाखोड करून मला काही सुनवायचं असेल तर वेगळ्या कागदावर लिही, फॉर्मवर नको.

एकच मागणं आहे. चौथा अभ्यासक्रम जानेवारीत असतो, तो काही झालं तरी चुकवू नकोस. तुझ्या वाचनवहीबद्दल मला बोलायचंय, पण तो झाल्यावर.

तुझीच
कायसा

*

टॅमरॅक बे,
१० नोव्हेंबर २०१३

कायसा बाळ,

सही केली. फॉर्मवर खाडाखोड केली नाही, वेगळ्या कागदावर लिहिलं आणि तो कागद चुलीत घातला. त्यात तुझ्याबद्दल बरंच काही होतं.

दोन अभ्यासक्रम झाले. आता कबूल करते, हसू नकोस. शिकवणारी मुलगी माझ्या बर्फाच्या बुटांपेक्षाही लहान असेल, नाव प्रिसिला. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "तुमच्या माहितीचा बॅकअप कुठे ठेवता?" मी ताठ मानेने लिहिलं, "रोज घेते, एक दिवस चुकवत नाही, सर्व्हरच्या खोलीत बॉयलरवरच्या फळीवर ठेवते, तिथे कोरडं असतं." तिने उत्तर पाठवलं, "हार्यूबाई, बॉयलर फुटला तर काय काय जाईल ते मला लिहून पाठवाल का?" मी लिहायला बसले आणि हातपाय गार पडले. सर्व्हर जाईल, बॅकअप जाईल आणि बहुतेक मीही. दुसऱ्याच दिवशी बॅकअपची डबी अग्निशमन दलाच्या कपाटात नेऊन ठेवली. त्यांच्याकडे आग लागली तर मात्र देवच पाहून घेईल.

गंमत सांगू? बरंचसं मी आधीपासून करतच होते, पण त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं. आपल्या कामाला नाव आहे आणि दुसऱ्या गावातली बायामाणसंही तेच करतात, तशीच चिडतात, हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बावीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की माझा व्यवसाय आहे, नुसती नोकरी नाही. तुझे उपकार मानते. एवढं एकदाच म्हणेन.

बाकी गाव ठीक. पास्टीच्या दुकानात आता मांस-बटाट्याच्या सारणात गाजर घालायला लागलेत, आयनो म्हणतो हा जगाचा अंत आहे. हॉकीच्या कोचची बायको रोवेना दर मंगळवारी येते. आधी ती नुसती मुलांसाठी चित्रांची पुस्तकं न्यायची. आता कायद्याची घेते, मुलांचा ताबा कुणाकडे, घर सोडायचं तर काय काय करावं लागतं असली. रीतसर नावावर घेते, कोपऱ्यात बसून वाचते आणि निघताना परत करते, घरी नेत नाही. काय चाललंय कोण जाणे. तुला काही अंदाज?

तुझी
आत्या

*

ग्रँड रॅपिड्स,
२५ नोव्हेंबर २०१३

आत्या,

बॉयलरची गोष्ट मी दुपारच्या जेवणात सगळ्यांना वाचून दाखवली. नाव न सांगता. एकाच्या नाकातून सूप आलं. तुझ्याबद्दल इतका अभिमान वाटला की मी तो लपवायचा प्रयत्नच केला नाही.

पण पत्राचा शेवटचा भाग मी कापून फाडून टाकला. यापुढे कोण काय वाचतं ते मला लिहू नकोस. आयनोचंही नको.

तू आता म्हणशील, ही कोण मला शिकवणारी. म्हणून तुला एक सांगते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत वाचकांनी राखून ठेवलेलं पुस्तक आलं की फोन करायचं काम माझ्याकडे होतं. उचलला नाही तर यंत्रावर निरोप ठेवायचा. मला कुणी काहीच शिकवलेलं नव्हतं. मी गोड आवाजात सांगायचे, अमुक तमुक, तुमचं हे हे पुस्तक आलंय, घेऊन जा. एकदा सतरा वर्षांच्या एका मुलीसाठी असाच निरोप ठेवला. पुस्तकाचं पूर्ण नाव घेतलं. दिवस गेलेल्या आणि घरी सांगू न शकणाऱ्या मुलींसाठी होतं ते पुस्तक. निरोप बापाने ऐकला.

ती पुन्हा ग्रंथालयात आली नाही. तिचं काय झालं ते मला कळलं नाही, विचारायची सोयही नव्हती. पुस्तकाचं नाव सांगायचं नसतं एवढी एक ओळ मला कुणी शिकवली असती तर! दोन वर्षांनी प्रमाणपत्राच्या अभ्यासात ती ओळ आली. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. लोक विचारतात या कागदाचा उपयोग काय. मी त्यांना पगारवाढीचं सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे.

तुझीच
कायसा

*

टॅमरॅक बे,
१९ जानेवारी २०१४

कायसा,

चौथा अभ्यासक्रम काल संपला. तुला सगळं माहीत होतं. सप्टेंबरपासून माहीत होतं आणि तू गप्प बसलीस. मला तोंडावर सांगायला काय झालं होतं? 'आत्या, ते बटण बंद कर.' पाच शब्द!

असो. पाच शब्दांनी मी ते बंद केलं नसतं, उलट तुलाच झापलं असतं, हे मलाही कळतं. तरी राग आहे. राहू दे थोडे दिवस.

त्या सगळ्या अभ्यासक्रमाचं सार एवढंच की वाचक पुस्तक परत देतो तेव्हा त्याचं नाव त्या पुस्तकापासून तोडून टाकायचं. म्हणूनच बनवणाऱ्यांनी ते बटण बंद ठेवलं होतं. आणि मी शहाणी, अकरा वर्षं दोन हजार तीनशे माणसांच्या मागे टाचण घेऊन फिरत होते. आणि त्यात टाचलेलं तुला पत्रातून कळवत होते, गावजेवणाचा बेत कळवावा तसं! तुझं नोव्हेंबरचं पत्र वाचून मला आधी तुझं वाईट वाटलं होतं. काल माझं वाटलं.

पण आज खरं लिहायला बसले ते वेगळ्या कारणासाठी. बंद करायच्या आधी म्हटलं, बघू तरी यात आहे काय. आर्वोचं कार्ड मी कधी रद्द केलं नव्हतं. त्याची यादी मी यापूर्वी उघडलीही नव्हती, माझ्याच घरातला माणूस, त्याचं काय बघायचं? उघडली. होड्या, लाकूडकाम, होड्या, होड्या. आणि मग नोव्हेंबर २००९ पासून ओळीने सगळे गुरुवार. गुरुवारी माझी सुट्टी असायची. त्या दिवशी काउंटरवर पार्टटाइमवाली मुलगी असायची. स्वादुपिंडाच्या आजारावरची तीन पुस्तकं. चौथं होतं ते अशा आजाऱ्याच्या बायकोने पुढे काय करावं, कसं राहावं याबद्दल. सगळी त्याच दिवशी घेतलेली आणि त्याच दिवशी परत केलेली.

मला त्याने सांगितलं ते जानेवारीच्या शेवटी. म्हणजे तीन महिने तो एकटाच ते घेऊन फिरत होता. त्या वर्षी नाताळात मी पाहुण्यांसाठी नीसूच्या गोड पावाच्या चौदा वेण्या भाजल्या होत्या, आर्वो त्यासाठी वेलदोडे कुटत बसला होता, विनोद करत होता. मला ते एक नाताळ नीट करू देत होता, कायसा.

त्याने मला न सांगायचं ठरवलं होतं. माझ्याच ग्रंथालयावर भरवसा ठेवून ठरवलं होतं. आणि माझ्याच बटणाने मला ते सांगितलं. मी त्याच्यावर रागावू, का रडू, का माफी मागू, काही सुचेना. शेवटी तिन्ही केलं.

आता सांग. यादी पुसायची तर सगळ्यांची एकदम पुसली जाते, आर्वोचीही. त्याची तेवढी छापून ठेवू का? आणि दुसरं, त्या फाइलमध्ये 'आपण कुठे चुकलो' असा एक भाग आहे. अकरा वर्षांचं हे लिहिलं तर समिती मला पास करेल? केलंच तर मंडळ वाचेल, हिल्डर ऑस्ट्रम वाचेल, आणि मग काम गेलंच म्हणून समज. न लिहिलं तर कुणाला कधी कळणार नाही. काय करू?

आत्या

*

ग्रँड रॅपिड्स,
२५ जानेवारी २०१४

आत्या,

आर्वोकाकांचं वाचून मला आज काही काम सुधरलं नाही. मी गप्प बसले त्याबद्दल माफ कर. तू रागावशील याची भीती होती आणि तुझ्या रागापेक्षाही तू हट्टाला पेटून अभ्यास सोडशील याची जास्त. त्यात तुझं काम गेलं असतं.

यादी आज पुस. उद्यावर टाकू नकोस. काकांची छापायची की नाही ते मी कोण सांगणार? त्यांना विचार, इतकंच म्हणते.

फाइलमध्ये काय लिहायचं ते मात्र मी तुला सांगू शकत नाही. का, तेही आत्ता सांगता येत नाही. जूनपर्यंत मला त्याबद्दल एक अक्षर विचारू नकोस. मोज्यांची दुसरी जोडी सोबत आहे.

कायसा

*

टॅमरॅक बे,
१६ मार्च २०१४

कायसा बाळ,

तुझं तुटक पत्र वाचून वाटलं, माझा राग तिकडे पोचला आणि तू उलट माझ्यावरच रुसलीस. असशील तर रुस, पण मोजे छान आहेत आणि मी लिहिणारच.

पाच फेब्रुवारीला पुसलं. आधी बटण बंद केलं, मग सगळी नावं तोडली. पडद्यावर 'खात्री आहे का?' असं आलं. मी मोठ्याने 'हो' म्हटलं, समोर कुणी नसताना. आर्वोची यादी छापली नाही. तुझं ऐकलं, त्याला विचारलं. तो हयात असताना जे मला दाखवलं नाही, ते तो गेल्यावर मी फ्रिजवर लावायचं का? पण वरपासून खालपर्यंत एकदा वाचली, एवढं तो मला माफ करेल.

गावाने माझं डोकं खाल्लं. टिंग का वाजत नाही म्हणून रोज विचारणा. एकाने तर तोच खून पुन्हा घरी नेला आणि आठवड्याने येऊन म्हणाला, "लेम्पी, या वेळेला तर मला खुनी आधीच ओळखता आला, मी हुशार होत चाललोय!" कोण ते विचारू नकोस.

आता जे लिहिते त्यात कुणाचं नाव नाही. तुला कुणी आठवलंच तर विसरून जा.

एकोणीस फेब्रुवारीला एक गृहस्थ आले. गावात त्यांना मान आहे, सगळ्यांशी हसून बोलतात, माझ्याही गाडीभोवतीचा बर्फ त्यांनी एकदा काढून दिला होता. म्हणाले, "लेम्पी, माझ्या बायकोचं एक पुस्तक घरात सापडत नाही, बिचारी घाबरलीय. तिने हल्ली काय काय नेलंय ते जरा बघ ना." इतक्या गोड आवाजात की गेल्या वर्षीची लेम्पी असती तर तिने पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला असता. शपथेवर सांगते, वळवला असता! वर म्हणाली असती, "अहो, हल्ली कायद्याचं फार वाचते हो."

मी म्हटलं, "तिचं कार्ड, तिलाच विचारायला सांगा. मला सांगता येत नाही."

"अगं, नवराच ना मी?"

"नवरा असलात तरी नियम आहे."

"कुठला नियम? तू कधीपासून नियम पाळायला लागलीस?"

"ऑक्टोबरपासून शिकतेय, प्रमाणपत्र घेतेय," मी म्हटलं. शब्द सगळे पाठ होते. प्रिसिलाने आमच्याकडून ते मोठ्याने म्हणवून घेतले होते, पोरांच्या नाटकाच्या तालमीसारखे, आणि मी तेव्हा तिला हसले होते.

ते हसले. आणि हसत हसतच काउंटरला वळसा घालून आत आले, माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनी ते नाव टाइप केलं. मी अंग चोरून उभी राहिले. कायसा, पडदा कोरा होता. वाचकाकडे सध्या पुस्तकं, एकही नाही. मागची यादी, काही नाही. त्यांनी दोनदा पाहिलं, "बरं" म्हणाले आणि गेले. मी प्रिंटरला टेकून खाली बसले.

मग तीन आठवडे काही नाही. मी रोज दाराकडे बघत होते. परवा त्यांच्या पत्नी आल्या, सोबत स्वतःची बहीण होती, बाहेर गाडीत मुलं आणि सामान. फक्त कार्ड परत करायला थांबल्या होत्या. म्हणाल्या, "घरी येऊन ते म्हणाले, तू तर काहीच वाचत नाहीस, मी उगाच संशय घेतला. त्यामुळे मला हे तीन आठवडे मिळाले. काय सांगितलंत तुम्ही त्यांना?" मी म्हटलं, "काही नाही. सांगायला काही नव्हतंच." त्यांनी काउंटरवरून माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. आभार मानत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मला माहीत होतं, चौदा दिवसांचा फरक होता. पाच तारखेऐवजी मी वीस तारखेला पुसलं असतं तर?

घरी गेले आणि फाइलमधला तो भाग लिहून काढला. एका बैठकीत, अकरा वर्षं सगळी, काही न लपवता. आर्वोचंही लिहिलं. त्या वाचकाबद्दल एवढंच लिहिलं की 'एका वाचकाला याचा उपयोग झाला.' काम गेलं तर जाऊ दे. नाही, खोटं का बोलू, जाऊ नये असं फार वाटतं. पण खोटी फाइल देऊन त्या काउंटरपाशी मला बसवणार नाही.

रुसली असशील तरी तुझे आभार. त्या दिवशी माझ्या तोंडात जे शब्द होते ते तू भरलेल्या फॉर्ममुळे होते.

तुझी
आत्या

*

ग्रँड रॅपिड्स,
२० जून २०१४

आत्या,

आता बोलता येतं. तुला समितीचं पत्र आज किंवा उद्या मिळेल. मी रुसले नव्हते गं! जानेवारीत मला त्या पाच जणांच्या समितीवर घेतलं. तुझं पत्र आलं ते त्याच आठवड्यात. काय लिहू आणि काय नको हे तू मला विचारलंस आणि मी तर तपासणाऱ्यांपैकी एक! सांगता आलं असतं तर 'सगळं लिही' असंच सांगितलं असतं, पण मग ते माझं झालं असतं, तुझं नाही. आणि मार्चच्या पत्राला उत्तर लिहायला बसले की पेन आपोआप तिकडेच वळायचं, म्हणून उत्तरच दिलं नाही. सहा कोरी पाकिटं पडली आहेत टेबलावर.

तुझी फाइल निघाली तेव्हा मी नातं सांगून खोलीबाहेर गेले. बाहेरच्या बाकावर बसून यंत्राची कॉफी प्यायले, तीन कप, आणि चाळीस मिनिटं तुझ्यासाठी जीव मुठीत धरला. आत काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. पण दार उघडून मला आत बोलवायला आलेल्या बाईचे डोळे लाल होते आणि ती म्हणाली, "तुझी आत्या आहे होय? भाग्यवान आहेस."

ते मला आधीच माहीत होतं.

तुझीच
कायसा

*

टॅमरॅक बे,
२८ जून २०१४

कायसा बाळ,

पास! सहापैकी सहा विषयांत. पत्र पोस्टातच उघडलं, पोस्टमास्तरीणबाईंना मिठी मारली, त्यांना अजून कळलेलं नाही कशासाठी.

पण खरी परीक्षा परवा मंडळात होती. हिल्डर ऑस्ट्रमनी माझी फाइल समोर ठेवली होती, पानापानाला चिकटकागद लावून. तो भाग त्यांनी आख्खा मोठ्याने वाचला. आर्वोपाशी आल्या तेव्हा थांबल्या, पाणी प्यायल्या आणि ते पान न वाचताच उलटलं. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे लेम्पी, अकरा वर्षं मी काय वाचते ते तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

"आणि आता?"

"आता ते कुठेही नाही. फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि ते डोकं आता प्रमाणित आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हिल्डरबाईंचे कान लाल झाले. काय वाचतात त्या ते मी तुला सांगणार नाही, मेले तरी सांगणार नाही, पण कान का लाल झाले ते मला चांगलंच समजलं. मतदान झालं. चार हात लगेच वर गेले. पाचवा त्यांचा, तो सगळ्यांत शेवटी गेला, पण गेला. काम माझ्याकडेच राहिलं. बैठक संपल्यावर मी त्यांना गाठून म्हटलं, "तुम्ही तो नियम आणला नसता तर मी मरेपर्यंत त्याच चुकीला हुशारी म्हणत बसले असते. आभारी आहे." त्या म्हणाल्या, "बर्फ लवकर वितळलं यंदा." आमच्याकडे यापेक्षा जास्त कुणी बोलत नाही.

तुझे आभार कसे मानायचे ते अजून ठरत नाही. मोज्यांचं ठीक आहे, मोजे विणता येतात. पण या वयात माझ्यावर नवी विद्या शिकायची वेळ आणलीस, माझ्या शिव्या खाल्ल्यास, आणि ऐन वेळी गप्प राहिलीस म्हणून जे झालं ते माझं माझं झालं. आर्वो असता तर तुझ्यासाठी होडी बांधून दिली असती. मी नीसू पाठवते.

समितीचं आणखी एक पत्र काल आलंय. तो चुकीचा भाग त्यांना पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यायचाय, माझं नाव आणि गाव गाळून. परवानगी मागितली आहे. मी लगेच कळवलं की द्या, पण वाचकांचं एकही नाव त्यात नाही, ते मी आधीच गाळलंय, माझं मात्र राहू द्या आणि खाली काउंटरचा फोन नंबरही छापा. कुठल्यातरी लहान गावात माझ्यासारखीच एक हुशार बाई ते वाचेल, तिचे हातपाय गार पडतील आणि ते बटण बंद कसं करायचं हे विचारायला तिला कुणाला तरी फोन करावासा वाटेल. गुरुवार सोडून मी रोज असते.

तुझी ऋणी
लेम्पी आत्या